चिवड्याची फाइल

१८ सप्टेंबर २०२४, बुधवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. काम मोठं आहे आणि नोंदी नसल्या की माणसं चुका करतात. कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोल बघतो. ऑडिटर आले की अख्खा अंबड प्लँट वेणीमाधवकडे धावतो. (वेणीमाधव म्हणजे मी. आजोबांचं नाव. त्यात माझा दोष नाही.)

तर काम असं. मृण्मयी, माझी बायको, ऑगस्टमध्ये नोकरीसाठी नेदरलँड्सला गेली. आइंडहोवन. आता आधी चिवडा जाणार, मग मी. चिवडा आमचा कुत्रा. कान एका जातीचे, पाय दुसऱ्या, शेपटीचा पत्ता लागत नाही. म्हणून मृण्मयीनं ठेवलेलं नाव. फेब्रुवारीत ती त्याला न्यायला येणार.

निळी फाइल चिवड्याची. लाल फाइल माझी, डिपेंडंट व्हिसाची.

मृण्मयीचं म्हणणं, सगळं राकेशला देऊन टाक. राकेश म्हणजे मुंबईचा एजंट, प्राण्यांना परदेशी पोचवतो. मी साफ नाही म्हटलं. घरातल्या जिवाचे कागद परक्यानं कशाला करायचे?

निश्चय: रोज पाच डच शब्द. साखर बंद. पहाटे उठणे (आज उठलो).

२२ सप्टेंबर, रविवार

दुपारी दीडला व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळचे दहा. फोन टीव्हीखाली जमिनीवर, स्टँड लावून, चिवड्याच्या नाकाच्या उंचीला. मृण्मयीनं त्याला मनसोक्त हाका मारल्या. त्यानं स्क्रीन चाटली. मी मागे सोफ्यावर. माझा गुडघा फ्रेममध्ये असावा.

लाल फाइलसाठी तिच्याकडून काही कागद लागतात, ते मागितले. म्हणाली, वेणू, आपण यावर बोललो होतो ना. बोललो असू. नवीन ऑफिस, नवीन गाव, तिला सुचत नसेल. पुढच्या रविवारी आठवण करणे.

डच शब्द: एक. होंड म्हणजे कुत्रा. विषयाला धरून सुरुवात.

२४ सप्टेंबर, मंगळवार

चिवड्याला घेऊन डॉ. सरिता मॅडमकडे. गंगापूर रोडला दवाखाना आहे, घराजवळच. त्यांनी नीट समजावलं. आधी मानेच्या कातडीखाली चिप, तांदळाच्या दाण्याएवढी. मग रेबीजची लस. मग महिनाभर थांबून रक्त, ते परदेशातल्या मान्य लॅबला पाठवायचं. रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. मग शेवटी सरकारी डॉक्टरांचं सर्टिफिकेट. क्रम चुकवू नका, असं दोनदा म्हणाल्या. डॉक्टर लोकांना सगळं दोनदा सांगायची सवयच असते.

चिप आत्ता बसवू का, विचारलं. म्हटलं, घरी बोलून सांगतो. पहिल्याच दिवशी कुठलाही निर्णय घेऊ नये.

रात्री आईला फोन. आई पंचवटीत मोठ्या भावाकडे असते. भाऊ रामकुंडावर विधी करतो, सध्या पितृपक्ष म्हणजे त्याला जेवायला फुरसत नाही. आई ठाम. पितृपक्षात नवीन वस्तू घरात आणायची नाही आणि अंगात तर नाहीच नाही. म्हटलं, अगं कुत्र्याच्या अंगात. म्हणाली, कुत्रा असला म्हणून काय झालं, घरातलाच ना तो? बिनतोड.

२६ सप्टेंबर, गुरुवार

तोडगा निघाला. माझा मलाच अभिमान वाटला.

चिप नवीन वस्तू. ती पितृपक्षात नको. पण लस? लस दरवर्षीचीच. जे दरवर्षीचं ते नवीन नव्हे. आईला विचारलं, तीही म्हणाली की लस चालेल. म्हणजे लस आत्ता, चिप घटस्थापनेला. एकही दिवस वाया नाही.

सरिता मॅडम चिपशिवाय लस द्यायला तयार होईनात. वाद घातला नाही. कॉलेज रोडला दुसऱ्या दवाखान्यात दिली. त्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. लसीच्या पुस्तकात शिक्का आला. निळी फाइल सुरू.

सुमनबाई म्हणाल्या, दादा, याला कशाला टोचून आणलं, गप गप बसलंय बिचारं. सुमनबाई आमच्याकडे स्वयंपाक करतात. मूळच्या पेठकडच्या. चिवड्याला नागलीच्या भाकरीची चटक यांनीच लावली. नेदरलँड्समध्ये नागली मिळते का, बघणे.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना

चिप बसली. सरिता मॅडम सुट्टीवर होत्या, असिस्टंटनं बसवली. आईच्या सांगण्यावरून आधी स्कॅनरला हळदकुंकू लावलं. मशिन फिरवल्यावर चिवड्याच्या मानेतून नंबर आला. डोळे भरून आले. घरात पहिलाच माणूस, ज्याला आंतरराष्ट्रीय नंबर आहे.

पहाटे उठणे: नवरात्रात देवीपुढे बसायचं असल्यामुळे तहकूब.

१९ ऑक्टोबर, शनिवार

क्रेट आला. हा विमानातला पिंजरा. चिवड्याला त्यात आपणहून बसायची सवय आधीपासून लागली पाहिजे.

चिवडा बसत नाही. भाकरी टाकली, पुढचे पाय आत, मागचे बाहेर, भाकरी खाऊन उलटा बाहेर. शेवटी मी स्वतः डोकं आणि खांदे आत घालून दाखवलं. तेव्हा लगेच आला आणि माझ्या कानाशी पडून राहिला. म्हणजे पद्धत सापडली. सुमनबाई दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसू देत.

माझा जुना निळा टी-शर्ट आत अंथरला. ओळखीचा वास लागतो.

डच: झिट म्हणजे बस. चिवड्याला झिट म्हटलं, तो बघत राहिला. बस म्हटलं, बसला. सराव वाढवणे.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

ओवाळायला बायको नाही, हे घरात पहिल्यांदाच. आईनं बोलावलं होतं, गेलो नाही, वहिनीनं दादाला ओवाळताना मी काय करायचं? मृण्मयीचा फोन नाही. शनिवार आहे, कॉल रविवारी असतो. तिला शिस्त आहे, हे मला आवडतं.

सुमनबाईंनी चिवड्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मला म्हणाल्या, दादा, ताई काय आता परत यायच्या नाय वाटतं. म्हटलं, परत कशाला येतील, आम्हीच तिकडे जाणार आहोत. त्यावर भांडी घासत राहिल्या. खेड्यातल्या माणसांना व्हिसाची प्रक्रिया समजावणं अवघड आहे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

किरकोळ अडचण.

रक्त द्यायला गेलो. सरिता मॅडमनी पुस्तक उघडलं, चिपची तारीख बघितली, लसीची बघितली, आणि पुस्तक मिटून माझ्याकडे बघत बसल्या. म्हणाल्या, चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत. सगळं पहिल्यापासून.

मी मुद्दा मांडला की लस त्याच कुत्र्याला गेली आहे. म्हणाल्या, कुत्रा तोच आहे हे तुम्हाला माहीत आहे. तिकडच्या अधिकाऱ्याला कसं कळणार? तो चिप वाचतो, तुमचा चेहरा नाही वाचत.

मी म्हटलं, पितृपक्ष होता. त्या म्हणाल्या, सर, फॉर्ममध्ये तो रकाना नाहीये.

आत्ताच दुसरी लस देते म्हणाल्या. म्हटलं, थांबा, तुळशीचं लग्न होऊन जाऊ द्या. खरं म्हणजे त्याला आज ताजंतवानं वाटत नव्हतं. मलाही.

मृण्मयीला योग्य वेळी सांगणे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दुसरी लस झाली. क्रम आता चोख. महिनाभरानं रक्त. फेब्रुवारी हुकतो, पण थोडासाच. कागद एकदा पक्के असले की तारखा जुळवता येतात.

१५ डिसेंबर, रविवार

मृण्मयीनं फेब्रुवारीचं तिकीट काढलं. चिवड्याला हातातला कागद दाखवून सांगत होती, बघ, बघ, मी येतेय तुला न्यायला. इतकी आनंदात होती की मधे बोलणं बरं दिसलं नसतं. मी सोफ्यावरून हसलो. ते तिकडे ऐकू गेलं असेल.

रक्त या आठवड्यात द्यायला हरकत नव्हती. पण कंपनीत वर्षअखेरचं ऑडिट. मग नाताळ.

लाल फाइल चाळली. आत लग्नाचं सर्टिफिकेट आणि माझे दोन फोटो. फोटो सहा महिन्यांपेक्षा जुने चालत नाहीत म्हणे. नवीन काढणे.

३१ डिसेंबर, मंगळवार

पौष लागला. आईला विचारलं नाही, मला स्वतःलाच माहीत आहे की पौषात शुभकार्य करत नाहीत. रक्त शुभकार्यात येतं का, याबद्दल मतभेद असू शकतात. धोका कशाला? महिना संपला की बघू.

नवीन वर्षाचे निश्चय: साखर बंद. डच रोज दहा शब्द (मागचे धरून). मृण्मयीला तारखेचं सांगणे.

५ जानेवारी २०२५, रविवार

मृण्मयीनं परस्पर सरिता मॅडमना फोन केला. हे बरोबर नाही. कामाची एक पद्धत असते, मधल्या माणसाला डावलू नये.

कॉल लवकर आला. चिवड्याला पुढे केलं तर म्हणाली, त्याला बाजूला घे आणि तू समोर ये. किती दिवसांनी म्हणाली! समोर बसलो. केस नीट केले होते.

ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. म्हणाली, वेणू, तू मुद्दाम करतोयस का? मी पितृपक्ष सांगितला, तुळशीचं लग्न सांगितलं, ऑडिट सांगितलं, पौष सांगितला. सगळं तारीखवार सांगितलं. ती म्हणाली, तुला माहितीय ना, तो तिथे आहे म्हणून मी फोन करते. म्हटलं, हो, म्हणूनच तर त्याची इतकी काळजी घेतोय.

फेब्रुवारीचं तिकीट रद्द. काम राकेशकडे.

७ जानेवारी, मंगळवार

भर पौषात रक्त काढलं. राकेश फोनवर, सरिता मॅडम सुईवर. मला फक्त चिवड्याचे पुढचे पाय धरायचं काम होतं. मृण्मयीच्या आणि त्यांच्या ग्रुपमध्ये मला कोणी घेतलेलं नाही. नजरचुकीनं राहिलं असेल.

आता तीन महिने. म्हणजे एप्रिल.

२ फेब्रुवारी, रविवार

रिपोर्ट उत्तम. चिवड्याच्या रक्तात हवी ती ताकद आहे. पेढे आणले. (साखर बंद, पण पेढा प्रसादात धरतात.)

राकेशचा फोन होता. म्हणाला, पुस्तकात मालक म्हणून तुमचं नाव आहे, पण कुत्र्याबरोबर जाणार मॅडम, तर नाव बदलून घेऊ. मी नियम वाचलाय. मालकानं कुत्र्याबरोबर किंवा मागेपुढे पाच दिवसांत प्रवास करायचा असतो. म्हणजे मालक मी राहिलो तर कायद्यानंच मला जावं लागेल! हे मी राकेशला उत्साहानं सांगितलं. तो म्हणाला, सर, तुमचा व्हिसा आहे का? म्हटलं, फाइल तयार आहे.

कॉलमध्ये मृण्मयीला विचारलं. म्हणाली, माझं नाव टाकायला सांग, सोपं पडेल. टाकलं. नावात काय आहे, कुत्रा दोघांचाच.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

गुढी उभारली. चिवड्यानं साखरेची गाठी पळवली. मृण्मयी फोनवर हसली. मीही. एकाच गोष्टीवर एकाच वेळी दोघं हसलो. नोंद करण्यासारखं.

ती दहा दिवसांत येतेय. घर आवरणे. तिच्या बाजूच्या कपाटातले माझे शर्ट काढणे. सुमनबाईंना तिच्या आवडीच्या मासवडीचं सांगून ठेवणे.

९ एप्रिल, बुधवार

आली. माहेरी उतरली, इंदिरानगरला. तिथे एसी आहे, आणि सध्या ऊन फार.

संध्याकाळी आपल्या घरी आली. आपल्या घरी आली, बेल वाजवून. चिवड्यानं काय करावं? जिन्यापर्यंत धावला, परत आला, मला धडकला, पुन्हा धावला, तिच्या चपलांवर मुतला, आणि मग असं रडायला लागला की शेजारचे बाहेर आले. तीही जिन्यातच बसून रडली. मी पाण्याचा ग्लास घेऊन उभा. ग्लास कुणाला द्यायचा ते कळेना. शेवटी मीच प्यायलो.

मला म्हणाली, बारीक झालास. मासवडी खाल्ली नाही, आई वाट बघतेय म्हणाली.

११ एप्रिल, शुक्रवार

दुपारी आली. समोर बसली. चिवडा आमच्या दोघांच्या मधे फरशीवर.

म्हणाली, वेणू, लाल फाइल बंद कर. मी तुला बोलावणार नाहीये. मी हे ऑगस्टमध्ये याच टेबलावर सांगितलं होतं, आणि तू उठून क्रेटची मापं शोधायला लागलास.

मला असं काही आठवत नाही. मापं शोधली होती, ते आठवतं.

म्हणाली, तू वाईट नाहीस रे. तुझ्याशी बोलायला गेलं की तू दुसरंच काहीतरी घेऊन बसतोस, मी एकटीच बोलत राहते. चौदा वर्षं बोलले. तिकडे गेल्यावर कळलं की मी दमलेय. वकिलांचं सावकाश बघू म्हणाली, घाई नाही.

मी विचारलं, क्रेटमध्ये पाण्याची वाटी कुठल्या बाजूला लावायची. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, डावीकडे.

ती गेल्यावर रडलो. भरपूर रडलो. चिवड्यानं हात चाटला, तोंड चाटलं, मग कंटाळून क्रेटपाशी जाऊन झोपला. सुमनबाईंनी चहा आणून ठेवला. म्हणाल्या, दादा, कुत्र्याला तरी ठिवून घ्या की. म्हटलं, त्याचे कागद झालेत.

१५ एप्रिल, मंगळवार

सरकारी डॉक्टरांनी तपासलं. सर्टिफिकेट झालं. मुंबईचं ना-हरकत पत्रही राकेश करतोय. सगळ्या तारखा एकीखाली एक, बिनचूक. मी तीनदा तपासलं, कुठे खोट सापडते का. सापडली नाही. चांगलं काम आहे, मान्य करतो.

१६ एप्रिल, बुधवार

विमान पहाटेचं, गाडी दुपारीच निघणार. राकेशचा माणूस आला. मृण्मयी माहेराहून बॅगा घेऊन आली. सुमनबाईंनी नागलीच्या चार भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या, आणि दाराआड जाऊन उभ्या राहिल्या.

क्रेट हॉलमध्ये ठेवला. मृण्मयी म्हणाली, चल चिवड्या, आत. जाईना. भाकरी दाखवली. जाईना. राकेशचा माणूस त्याला उचलायला पुढे झाला तर गुरगुरला, हा कुत्रा कधी कुणावर गुरगुरलेला नाही. मग चिवडा माझ्याकडे बघायला लागला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी गुडघ्यांवर बसलो आणि डोकं, खांदे क्रेटमध्ये घातले, सहा महिने रोज घालत होतो तसे. तो लगेच आला. माझ्या कानाशी टेकून पडला आणि समाधानाचा सुस्कारा टाकला. आत माझ्या टी-शर्टचा वास येत होता. थोडा वेळ तसाच राहिलो.

मग मी डोकं बाहेर काढलं. त्यांनी दार लावलं.

राकेशचा माणूस म्हणाला, आतलं कापड जुनं आहे, बदलायचं का? मृण्मयी म्हणाली, राहू द्या, त्यावर तो झोपतो. म्हणजे टी-शर्ट नेदरलँड्सला गेला.

जाताना तिनं माझ्या दंडाला हात लावला. काळजी घे म्हणाली. मी झिट म्हणालो. का, ते माहीत नाही. दुसरा शब्द येत नव्हता.

१८ एप्रिल, शुक्रवार

मृण्मयीचा मेसेज: पोचलो. सगळे पेपर्स ओके. एका मिनिटात सोडलं. थँक्यू वेणू.

थँक्यू मला आहे, राकेशला नाही.

सुमनबाईंनी सवयीनं नागलीची भाकरी थापली. दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली.

२० एप्रिल, रविवार

साखर, डच, पहाटे उठणे: काहीही नाही.

फोन पूर्ण चार्ज केला. स्टँड टीव्हीखाली लावला. चिवडा तिकडे आहे, म्हणजे तो आता मला बघायला उत्सुक असणार, मृण्मयी त्याला दाखवेल, असा हिशेब. सव्वा वाजता सोफ्यावर बसलो. मग लक्षात आलं की स्टँड खाली आहे, सोफ्यावरून नुसता गुडघा दिसतो. म्हणून उठलो आणि जमिनीवर बसलो. टीव्हीसमोर, चिवड्याच्या जागेवर. फरशीवर तिथे त्याचे केस आहेत अजून.

स्क्रीनमध्ये चेहरा बरोबर मधोमध येत होता.

दीड झाला. दोन झाले. आजवर ती ज्याला बघायला फोन करत होती, तो तिच्याजवळ आहे.

अडीचला सुमनबाई म्हणाल्या, दादा, उठा आता, जेवून घ्या. म्हटलं, येतो. बसून राहिलो.